एकाच सिंगल ओरिजिन कॉफीची चव घरच्या वेगवेगळ्या पद्धतींत कशी पडताळावी?

पहाटवेळ

नमस्कार. गेले दोन आठवडे मी एकाच पाकिटातली सिंगल ओरिजिन, म्हणजे एकाच भागातून आलेली, कॉफी घरातल्या पाच साधनांत करून पाहतो आहे आणि प्रत्येक वेळची चव वहीत लिहून ठेवतो आहे. कॉफी इथिओपियाच्या दक्षिणेकडील यिर्गाचेफे भागातली, फळाचा गर धुऊन काढून वाळवलेली आणि हलक्या भाजणीची आहे. पाकिटावर जाईचे फूल, बर्गमॉट (लिंबाच्या जातीचे सुगंधी फळ) आणि लिंबाची साल असे वर्णन छापले आहे. भाजल्याच्या तारखेपासून दहा दिवस थांबून मी पाकीट उघडले.

व्ही६०मध्ये, म्हणजे कागदाची गाळणी लावलेल्या शंकूत, १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, ९४ अंश सेल्सिअस आणि एकूण तीन मिनिटे असा हिशेब ठेवला, तेव्हा छापलेले वर्णन जवळजवळ जसेच्या तसे कपात उतरले. वास फुलांचा होता, आंबटपणा सुगंधी होता आणि घोट गिळल्यावर जिभेवर काळ्या चहासारखा हलका तुरटपणा राहत होता. जाळीचा दट्ट्या असलेल्या फ्रेंच प्रेसमध्ये तेच प्रमाण दुप्पट करून, म्हणजे ३० ग्रॅमला ५०० ग्रॅम पाणी घेऊन चार मिनिटे मुरू दिले, तर फुले पार नाहीशी झाली आणि हाती आले ते कोकोकडे झुकणारे, जिभेला जाड लागणारे पेय. हाताच्या दाबाने कॉफी गाळणीतून ढकलणाऱ्या एरोप्रेसचा कप या दोहोंच्या मधला निघाला. गॅसवर ठेवायच्या मोका पॉटची कॉफी एकाच घोटात आंबटही लागली आणि कडूही, आणि याच कपाने मला सर्वांत जास्त गोंधळात टाकले, कारण अर्क कमी उतरला तर कॉफी आंबट लागते आणि जास्त उतरला तर कडू, अशीच माझी आजवरची समजूत होती. थंड पाण्यात १४ तास भिजवलेली कॉफी गोड आणि मऊ होती, पण ती कोणत्याही देशातली म्हणून खपली असती.

तुलना सरळ राहावी म्हणून पाचही साधनांसाठी दळण मी एकच, मध्यम, ठेवले होते.

आता माझ्यापुढे दोन प्रश्न आहेत. या पाच कपांपैकी या कॉफीची स्वतःची चव कोणती मानायची? आणि कपाकपांतल्या फरकांपैकी किती साधनामुळे आला आणि किती माझ्या चुकांमुळे, हे घरच्या घरी वेगळे काढता येते का?

मंद आच

आपण नोंदी आकड्यांसह दिल्या आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझे म्हणणे आधीच सांगते: दळण आणि प्रमाण सारखे ठेवल्याने तुलना सरळ होत नाही, उलट ती काही साधनांच्या विरोधात झुकते. व्ही६० सोडून प्रेसकडे गेलो की एकाच वेळी निदान चार गोष्टी बदलतात. कागदाची गाळणी जाते, पाणी चुऱ्यातून वाहून जाण्याऐवजी चुऱ्याबरोबर बसून राहते, तापमानाचा उतार बदलतो आणि पेयाची तीव्रता, म्हणजे त्यात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण, हीसुद्धा बदलते. त्यामुळे शेवटी चवीत पडलेला फरक यांपैकी कशाने पडला, हे नुसता कप पिऊन सांगणे अशक्य असते.

तीव्रतेचाच हिशेब पाहा. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी फार तर ३० टक्क्यांच्या आसपास भाग पाण्यात विरघळू शकतो, आणि त्यातलाही सगळा विरघळावा अशी आपली इच्छा नसते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांच्या १९५०च्या दशकातील कामातून जो तक्ता रूढ झाला, त्यात १८ ते २२ टक्के अर्क हा पट्टा चांगला मानला आहे. आपल्या १५ ग्रॅममधून २० टक्के, म्हणजे ३ ग्रॅम पदार्थ उतरला असे धरू. ओला चुरा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणून २५० ग्रॅममधले सुमारे २२० ग्रॅमच कपात येते. व्ही६०मध्ये वरून सतत नवे पाणी येऊन चुरा धुतला जातो, त्यामुळे ते ३ ग्रॅम बहुतेक सगळे त्या २२० ग्रॅममध्ये येतात आणि तीव्रता १.३६ टक्क्यांच्या आसपास पडते. प्रेसमध्ये मात्र तेच ३ ग्रॅम पूर्ण २५० ग्रॅम पाण्यात पसरलेले असतात, आणि चुऱ्यात अडकून राहिलेले पाणीही तितकेच तीव्र असते. म्हणून कपातली तीव्रता १.२ टक्के. अर्क तेवढाच उतरूनही प्रेसचा कप सौम्य होतो. तो व्ही६०च्या बरोबरीला आणायचा तर २५० ग्रॅम पाण्याला १७ ग्रॅम, म्हणजे आपल्या ५०० ग्रॅमला ३४ ग्रॅम कॉफी घ्यावी लागते.

आपल्याला तर तो कप जाड लागला, मग सौम्य कसा, असे आपण विचाराल. जाडपणा आणि तीव्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेसच्या धातूच्या जाळीतून कॉफीचे तेल आणि अतिशय बारीक कण पेयात येतात, ते जिभेवर थर धरतात आणि त्यांमुळे पेय भरीव वाटते, मग विरघळलेला पदार्थ कमी का असेना. माझ्या अनुभवात हेच कण फुलांच्या आणि लिंबाच्या बाजूच्या नाजूक चवींवर पडदा टाकतात. १९०८ साली जर्मनीत मेलिटा बेंट्स यांनी कागदाच्या गाळणीची नोंदणी केली तीही कपातला गाळ आणि कडवटपणा टाळण्यासाठीच, आणि त्या कागदाने पेयाचा पोत किती बदलतो हे आपल्या वहीत दिसतेच आहे.

याची परीक्षा मात्र माझ्या शब्दावर सोडू नका. प्रेसमध्ये ३४ ग्रॅम आणि ५०० ग्रॅम पाणी घेऊन कॉफी करा, तिचे दोन समान भाग करा आणि एक भाग गरम पाण्याने आधी धुतलेल्या कागदातून व्ही६०च्या शंकूत गाळा. दुसरा भाग त्याच वेळी रिकाम्या शंकूतून नुसता खाली सोडा, म्हणजे ओतताना निघून जाणारी उष्णता आणि वास दोन्ही भागांत निदान जवळपास सारखे राहतील. आता या दोन कपांत फरक आहे तो केवळ कागदाचा. फुले परत आली, तर ती प्रेसमध्येही उतरलीच होती, फक्त झाकली गेली होती असे कळेल. नाही आली, तर दोष मुरवण्याच्या पद्धतीत शोधावा लागेल.

दळणाबद्दल थोडेसे. मुरवण्याच्या पद्धतीत पेय जसजसे तीव्र होते तसतसा अर्क उतरण्याचा वेग मंदावतो, म्हणून वेळ थोडा वाढला तरी व्ही६०इतके नुकसान होत नाही. मी प्रेसमध्ये मध्यम दळणच वापरते, चार मिनिटांनी वर तरंगणारा चुऱ्याचा थर चमच्याने मोडते, फेस काढून टाकते आणि आणखी पाच-सहा मिनिटे कण तळाशी बसू देते. दट्ट्या तळापर्यंत दाबत नाही, कारण त्याने खाली बसलेला गाळ पुन्हा उसळतो.

मोका पॉटचे कोडे आपल्या समजुतीमुळे पडले आहे. कमी आणि जास्त अर्क एकाच भांड्यात, एकाच वेळी उतरू शकतो. खालच्या भांड्यातली हवा आणि वाफ यांच्या दाबाने पाणी वर चढू लागते तेव्हा ते उकळीला पोहोचलेले नसते, आणि शेवटी फुरफुर आवाज येतो तेव्हा चुऱ्यातून अतिशय गरम पाणी आणि वाफ जात असते. त्यात चुरा सैल-घट्ट भरला गेला असेल तर पाणी एका वाटेने धावते. त्या वाटेवरचा चुरा नको तितका धुतला जातो आणि बाजूचा तसाच राहतो. शिवाय तिथे प्रमाणही निराळे असते: १६ ग्रॅम कॉफीतून सुमारे ११० ग्रॅम पेय आले असेल, तर १८ टक्के अर्क धरूनही तीव्रता २.६ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे व्ही६०च्या जवळजवळ दुप्पट. हलक्या भाजणीचा आंबटपणा इतका एकवटल्यावर टोचणारच. दळण व्ही६०पेक्षा थोडे बारीक करा, खाली गरम पाणी भरा, आच मंद ठेवा, फुरफुर सुरू होण्याआधी भांडे उतरवा आणि पेयात तेवढेच गरम पाणी घालून मग चव घ्या. पाणी न घालता घेतलेल्या चवीची व्ही६०शी तुलना करण्यात अर्थ नाही.

चवटिपण

मंद आच यांनी पद्धतीचे सांगितले आहे, मी चव घेण्याबद्दल लिहितो, कारण माझ्या मते आपल्या वहीतली मोठी चूक तिथे आहे. हे पाच कप आपण दोन आठवड्यांत वेगवेगळ्या दिवशी घेतले. पाकीट उघडल्यावर हलक्या भाजणीच्या कॉफीतला फुलांचा वास दिवसागणिक ओसरत जातो. व्ही६० पहिल्या दिवसांत आणि मोका किंवा थंड पाण्याची कॉफी शेवटी झाली असेल, तर शिळेपणाचा दोष आपण साधनाच्या माथी मारला असण्याची शक्यता आहे. पुढच्या वेळी पाकीट उघडल्याबरोबर एकेका कपापुरते दाणे वजन करून हवाबंद पुड्यांत भरा आणि त्या पुड्या फ्रीझरमध्ये ठेवा, आणि शक्यतो दोन-दोन पद्धती एकाच बैठकीत, समोरासमोर चाखा.

खरी चव कोणती, या प्रश्नाला कॉफीच्या व्यवसायात एक व्यवहारी उत्तर आहे, ते म्हणजे कपिंग. १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम कॉफी, पाणी ९३ अंशांच्या आसपास, चार मिनिटांनी वरचा थर मोडायचा, फेस काढायचा आणि पिण्याजोगे झाल्यावर चमच्याने सुरका मारून चव घ्यायची. त्यात गाळणी नाही, ओतण्याचे कौशल्य नाही, दाब नाही. ती चव खरी आणि बाकीच्या खोट्या असे मी म्हणणार नाही, पण हाताची सफाई तिच्यात जवळजवळ येतच नसल्यामुळे बाकीचे कप तिच्याशी ताडून पाहता येतात. कपिंगमध्ये जाई सापडली आणि आपल्या प्रेसमध्ये नाही, तर ती कुठे हरवली हे शोधण्यात अर्थ आहे. कपिंगमध्येच नसेल, तर साधने बदलून ती येणार नाही.

तापमानाकडे लक्ष द्या. अतिशय गरम घोटात आंबटपणाचे आणि गोडव्याचे बारकावे कळत नाहीत. कप निवत जातो तशी ही कॉफी उलगडते, आणि माझ्या नोंदींत सर्वांत चांगले शब्द नेहमी कोमट कपासाठी लिहिलेले सापडतात. म्हणून प्रत्येक कपाची चव तीनदा टिपा: गरम असताना, कोमट झाल्यावर आणि पूर्ण निवल्यावर. एक कप ७० अंशांवर आणि दुसरा ५० अंशांवर चाखून केलेली तुलना ही तापमानांची तुलना असते. थंड पाण्याच्या कॉफीवर याच कारणाने अन्याय झाला असावा, तिच्यासमोर निवलेला व्ही६० ठेवून पाहा.

शेवटचे म्हणजे पाकिटावरचे वर्णन वाचून आपण कप हाती घेतला आहे. शब्द आधी डोक्यात असले की जीभ तेच शोधते. यावर साधा उपाय असा, की घरातल्या कोणाला तरी तीन एकसारखे अपारदर्शक कप भरायला सांगा, दोन एका पद्धतीचे आणि एक दुसऱ्या, आणि डोळे मिटून वेगळा कप कोणता ते ओळखा. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते. ओळीने चार वेळा बरोबर आले, तर ते अंदाजाने घडण्याची शक्यता ८१ मध्ये एक उरते, आणि मग फरक आहे असे खुशाल म्हणावे.

पहाटवेळ

दोघांचेही मनापासून आभार. त्याच कॉफीचे नवे पाकीट घेतले, दाण्यांच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि सांगितल्याप्रमाणे करून पाहिले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

प्रथम कपिंग केले. जाई आहे, आणि ती थर मोडतानाच्या वासात सर्वांत ठळक आहे, घोटात तितकी नाही. बर्गमॉट कोमट झाल्यावर आले. गरम असताना मला फक्त चहा सापडत होता.

मग प्रेसची कॉफी निम्मी कागदातून गाळली, आणि मी इतक्या मोठ्या फरकाची अपेक्षा केली नव्हती. कागदातून आलेल्या कपात फुलांचा वास परत आला, आंबटपणाला धार आली आणि ज्याला मी कोको म्हणत होतो ते जवळजवळ संपले. म्हणजे तो कोको बऱ्याच अंशी तेलाचा आणि गाळाचा होता, आणि मी ती दाण्याची चव समजून वहीत लिहून बसलो होतो. या दोन कपांची तीन कपांची परीक्षा घेतली, चारही वेळा बरोबर ओळखले. त्यानंतर कागदातून गाळलेली प्रेसची कॉफी आणि व्ही६० यांची तशीच परीक्षा घेतली, तेव्हा चारपैकी तीन वेळा जमले. प्रेसचा कप मला किंचित गोड वाटतो, पण हे मी खात्रीने म्हणू शकेन असे वाटत नाही.

मोका पॉट बारीक दळण, गरम पाणी आणि मंद आच यांनी सुधारला. निम्मे पाणी घातल्यावर त्यात लिंबाची साल स्पष्ट सापडली, कडवटपणा थोडा राहिला. जाई मात्र काही केल्या येत नाही.

आणखी एक शंका आहे. एके दिवशी बाहेरून आणलेले बाटलीतले पाणी वापरले आणि व्ही६० अचानक सपाट लागला, आंबटपणा जणू पुसून टाकल्यासारखा. दळण, प्रमाण, वेळ सगळे तेच होते. हे पाण्यामुळे होऊ शकते का?

उत्तररात्र

होऊ शकते, आणि आपण वर्णन केले आहे ते पाण्यात बायकार्बोनेट जास्त असल्याचे अगदी नेहमीचे लक्षण आहे. बायकार्बोनेट कॉफीतल्या आम्लांना निष्प्रभ करते, आणि ज्या कॉफीचे सगळे सौंदर्य आंबटपणात आहे तिचे त्यात सर्वांत जास्त नुकसान होते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे निराळे क्षार आहेत, थोड्या प्रमाणात ते अर्क उतरायला मदतच करतात. बाटलीवर बायकार्बोनेटचा किंवा क्षारतेचा (अल्कलिनिटी) आकडा छापलेला असेल तर तो पाहा. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास क्षारता ही कॉफीसाठी शिफारस केलेली पातळी आहे. त्याहून फार वर असेल तर ते पाणी या कामाला नको. पाणी अगदी निःक्षार असले तर चव बोचरी होते, त्यामुळे सगळे क्षार काढून टाकणे हाही उपाय नव्हे. काहीही असो, पाचही पद्धतींना पाणी एकच हवे.

मंद आच यांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. सगळे कप एका तीव्रतेला आणल्याने फरकाचे कारण कळते हे खरे, पण मोका पॉट किंवा एरोप्रेस लोक ज्यासाठी वापरतात तो गुणच त्यात जातो. दाट, एकवटलेला छोटा कप ही त्या साधनाची चूक नव्हे, तोच त्याचा उद्देश आहे. १९३३ साली आल्फोन्सो बियालेत्ती यांचे मोका पॉट आले ते घरात तशीच कॉफी मिळावी म्हणून. त्यात तेवढेच पाणी घालून आपण तिची तुलना व्ही६०शी करतो, तेव्हा परीक्षा व्ही६०च्या अंगणात घेतली जाते आणि मोका पॉट हरणार हे आधीच ठरलेले असते. प्रत्येक साधनावर त्याची उत्तम कृती बसवून घ्यावी आणि मग कोणता कप अधिक आवडतो ते पाहावे, असे मला वाटते. मी स्वतः ही कॉफी एरोप्रेसमध्ये १५ ग्रॅमला १५० ग्रॅम पाणी घेऊन करतो, आणि त्या दाटपणात बर्गमॉट जितके भरघोस लागते तितके मला व्ही६०मध्ये कधी मिळाले नाही.

रोज प्रेसची कॉफी पिणाऱ्यांसाठी एक गोष्ट विषयाला धरूनच सांगतो. कागद जे तेल अडवतो त्यात कॅफेस्टॉल आणि काह्वेओल ही द्रव्ये असतात आणि ती रक्तातले एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट म्हणतात ते, कोलेस्टेरॉल वाढवतात. प्रयोगापुरत्या चार कपांनी काही होत नाही, पण कोलेस्टेरॉलची अडचण असलेल्यांनी रोजच्यासाठी कागद वापरलेला बरा.

मंद आच

उत्तररात्र यांचे म्हणणे मला पटते, फक्त ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. कोणता कप आवडतो हे ठरवायचे असेल तर प्रत्येक साधनाला त्याच्या पद्धतीने वागू द्यावे. पहाटवेळ यांनी मात्र फरक कशाने पडतो हे विचारले होते, आणि त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. आपण वहीत दोन्ही प्रकारच्या नोंदी वेगवेगळ्या पानांवर ठेवाव्यात, म्हणजे त्यांची सरमिसळ होणार नाही.

पहाटवेळ, आपल्या निकालाबद्दल एक सूचना करते. चारपैकी निदान तीन वेळा बरोबर येणे हे केवळ अंदाजानेही नवातून एकदा घडते. तेव्हा कागदातून गाळलेली प्रेस आणि व्ही६० यांत फरक आहे असे इतक्यात लिहू नका, आणखी आठ-दहा वेळा परीक्षा घ्या. फरक खरोखरच टिकला, तर त्या किंचित गोडव्याचे कारण शोधायला क्लीवर ड्रिपर हे साधन उपयोगी पडेल, कारण त्यात कॉफी प्रेससारखी मुरते आणि नंतर कागदातून गाळून येते, शिवाय वेगळे गाळताना वास आणि उष्णता वाया जात नाही.

मोका पॉटमधल्या हरवलेल्या जाईचे कारण मला वाटते वासातच आहे. आपण स्वतःच लिहिले आहे की कपिंगमध्ये ती घोटापेक्षा वासात जास्त होती. मोका पॉटचे पेय वरच्या तापलेल्या धातूच्या भांड्यात साठत राहते आणि इतके हलके वास तिथेच उडून जात असावेत. पेय वर येऊ लागताच ते थोडे-थोडे थंड कपात ओतून घ्या, आणि तोच कप कपिंगशेजारी ठेवून आधी फक्त वास घ्या.